बिसखोपडा आधी पोचला

नायगावकडच्या आमच्या गावात लहान मुलांना तळ्यापासून लांब ठेवायचं असलं की बुडशील असं कुणी सांगत नाही. बिसखोपडा चावेल, असं सांगतात. मीही तेच ऐकत वाढले. तळ्याच्या भरावात दगडांच्या फटींत तो राहतो, हातभर लांब, काळपट अंगावर पिवळे ठिपके, जीभ सापासारखी दुभंगलेली. तो चावला की माणूस जागचा उठत नाही. पण सुटकेची एक वाट असते. चावल्याबरोबर तो पाण्याकडे पळतो, तेव्हा आपणही पळायचं. आपण आधी पाण्याला शिवलो तर आपण जगतो आणि तो मरतो. तो आधी पोचला तर आपलं संपलं.

शाळेची वाट त्याच भरावावरून जायची. बाकीच्या पोरी वरच्या कोरड्या पायवाटेने जात आणि मी खाली, पाण्याच्या कडेने. चप्पल चिखलात रुतायची, माय रोज ओरडायची. तिला मी कारण कधी सांगितलं नाही. शर्यत लागलीच तर माझं अंतर कमी असावं, एवढा साधा विचार होता. चौथीपर्यंत मी अशी चिखलातूनच शाळा शिकले.

आमच्या घरात खरं तर असल्या भीतीला थारा नव्हता. दादा, म्हणजे माझे वडील, पंचायत समितीत शिपाई होते. विहारातल्या कार्यक्रमात सगळ्यांची भाषणं झाली की शेवटी ते उभे राहायचे आणि सगळ्यांपेक्षा चांगलं बोलायचे. आजोबांच्या पिढीने देव सोडले, आता आपण भीती सोडायची, शिकलेल्या माणसाचं ऐकायचं, हा त्यांचा ठरलेला विषय. अमावास्येला रस्त्यात पडलेला लिंबू ते उचलून घरी आणत आणि माय नको नको म्हणत असताना त्याचं सरबत करून पीत. मात्र बिसखोपड्याचं नाव निघालं की त्यांचाही आवाज खाली यायचा. ‘ते अंधश्रद्धा न्हाई, ते जनावर हाय,’ म्हणायचे.

पुढे मी लातूरला बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं. पहिल्याच महिन्यात प्रयोगशाळेतल्या कपाटापाशी मी थांबले, ती हलेचना. एका बरणीत, पिवळट पाण्यात, तो उभा होता. माझा बिसखोपडा. तेच ठिपके, तीच लांब शेपटी. चिठ्ठीवर लिहिलं होतं: घोरपड, पिल्लू.

मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला. घोरपड तर आम्हाला सगळ्यांना माहीत होती. मातकट, जाड कातडीची, ओढ्याकाठी उन्हात पडलेली. तिला कुणी भीत नव्हतं, उलट तिनेच माणसाला भ्यावं अशी गत होती, कारण लोक तिला धरून खात. आणि तिचंच पोर मात्र गावाने यमदूत करून ठेवलं होतं. आई आणि लेकरू एकाच तळ्यावर राहत होते, गावाने त्यांचं नातंच तोडून टाकलं होतं. लहानपणी अंगावर ठिपके असतात, वय वाढेल तसे ते पुसट होतात, एवढंच काय ते. हे सांगायला कुणी भेटलं असतं तर माझ्या चपला वाचल्या असत्या.

त्या वर्षापासून घोरपड हा माझा हट्टाचा विषय झाला. नाकपुडी फटीसारखी, डोळा आणि नाकाचं टोक यांच्या मधे. शेपटी दोन्ही बाजूंनी चपटी, पोहताना तिचं वल्हं होतं. ती पाण्यातली नव्हे आणि निव्वळ जमिनीवरचीही नव्हे. बीळ बांधात, शिकार काठावर, आणि कुणी अंगावर आलं की बुडी पाण्यात. बुडी मारली की बराच वेळ वर येत नाही. म्हणजे बिसखोपडा पाण्याकडे पळतो हे गावाने बरोबर पाहिलं होतं. का पळतो, ते चुकलं होतं. तो भितो म्हणून पळतो.

आता मी देवणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी एक तास बिसखोपड्याचा असतोच. पोरं भीत भीत गोष्टी सांगायची, अमक्याच्या काकाला चावला, तमक्याचा बैल मेला, आणि मी एकेकाची गोष्ट हसत हसत मोडून काढायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. कुणाची भीती खोडून काढली की मला चांगलं जेवण झाल्यासारखं वाटायचं.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आले होते. दादांनी निवृत्तीनंतर तळ्याखाली तीन एकर घेतले होते आणि त्यात शेततळं खणून प्लास्टिकचा कागद अंथरला होता. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. तुषार सिंचनाचे पाइप गेल्या हंगामातल्या तुराट्यांच्या ढिगाखाली दबले होते. तुराट्या म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, माय चुलीला वापरते म्हणून ढीग तसाच ठेवला होता. माय पलीकडे मिरच्या तोडत होती, मी शेततळ्याच्या बांधावर फोन घेऊन बसले होते. सकाळचे अकरा वाजले असतील.

दादांनी पाइप ओढायला ढिगाखाली हात घातला आणि ‘मायऽऽ’ करून मागे पडले. त्याच क्षणी ढिगाच्या दुसऱ्या अंगाने ते निघालं. हातभर लांब, काळपट, पिवळे ठिपके. माझ्या पायांपासून चार हातांवरून बांध चढलं आणि कागदावरून घसरत पाण्यात गेलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दादांनीही पाहिलं.

आणि दादा पळाले. त्यांचा गुडघा दुखतो, देवळाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत म्हणून बरं, अशी माय त्यांची चेष्टा करायची. तो माणूस हात छातीशी धरून बांध चढून आला. शेततळ्याच्या कागदावर पाय पडला की माणूस घसरत तळाशी जातो आणि धरायला काही नसल्याने वर येत नाही, असे किती गेलेत. मी त्यांच्या सदऱ्याला मागून धरलं. पाण्यावर वर्तुळं अजून पसरत होती. दादा ती पाहत खाली बसले.

‘पोचलं ते,’ म्हणाले. ‘माझ्या आधी पोचलं.’

मी हसले.

मला ते हसू अजून ऐकू येतं. वर्गात हसायचे तसंच होतं, मोठं, मोकळं. मी म्हणाले, ‘दादा, तुम्ही पण? अहो, घोरपडीचं पिल्लू हाय ते. त्याला विष नसतं.’ मी त्यांचा हात बाटलीतल्या पाण्याने धुतला. अंगठ्याच्या बुडाशी रक्त होतं, आणि एका ओळीत चार-पाच ओरखडे. घोरपडीचे दात असेच ओरखडतात, असं मी सांगितलं. घोरपड चावलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. तुराट्यांत हात घातला की ओरखडे उठतात, हे मात्र मी लहानपणापासून पाहत आले होते. ते मला त्या वेळी आठवलंच नाही.

माय धावत आली. तिच्यामागोमाग शेजारच्या शेताचे मामा काठी घेऊन आले. नात्याचे नव्हेत, पण दादांचे जुने स्नेही, म्हणून मामा. त्यांची पिकअप बांधालगतच उभी होती. ‘बसवा गाडीत, नायगावला नेऊ,’ ते म्हणाले.

‘मामा, कशाला? डॉक्टर हसंल आपल्याला.’ मी फोनवर घोरपडीच्या पिल्लाचा फोटो शोधून दाखवला. मामांनी पाहिलं, म्हणाले, ‘हाव, बिसखोपडा म्हणजे हेच की.’ मग मी बोलत सुटले. नाकपुडी कुठे असते, शेपटी चपटी का असते, ठिपके कधी जातात, पाण्यात का पळतं. दादा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत येताना मला दिसलं आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. सगळा जन्म ज्यांनी दुसऱ्यांची भीती काढली त्यांची शेवटची भीती मी काढली होती.

‘चहा ठेव गं,’ दादा मायला म्हणाले.

माय हलली नाही. ‘दवाखान्यात नेऊन दाखवायला काय जातंय आपलं?’

‘माय, तुला त्यातलं काही कळतं का? गप बस की जरा.’

हे मी मामांसमोर म्हणाले. मायने तीन दगड मांडून चहा ठेवला. त्याच ढिगातल्या, वरवरच्या, तुराट्या तिने जळणाला ओढल्या. हे आज आठवलं तरी माझ्या अंगावर काटा येतो.

चहा झाला. मामा परत आपल्या कामाला लागले. दादांचा अंगठा सुजत चालला होता, आणि मी सांगितलं की सूज येणारच, घोरपडीचं तोंड घाण असतं, उद्या धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊ. ते बरं म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘बाई, झोप येऊन राहिली लई.’ ऊन लागलं असेल, असं मी म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाहताना मान मागे टाकली. चष्म्याखालून पाहावं तसं, पण दादांना चष्मा नव्हता.

‘असं काय पाहता? डोळे उघडा की नीट.’

‘उघडेच हायेत,’ दादा म्हणाले.

पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. आमच्या शाळेच्या भिंतीवर सर्पदंशाचा तक्ता लावलेला आहे, तो मीच लावलाय. पापण्या जड होणे, ही त्यातली एक ओळ. मी त्यांचा हात पुन्हा ओढून घेतला. ओरखड्यांच्या बाजूला, त्यांच्याशी काही संबंध नसलेले, दोन ठिपके होते. सूज त्यांच्याभोवती होती आणि कातडी काळी पडत होती. ते मघाशीही तिथेच असणार. मला ओरखडे हवे होते, मी ओरखडे पाहिले.

‘मामाऽऽ’ म्हणून मी ओरडले तो आवाज मला माझा वाटला नाही.

पिकअपमध्ये पुढे दादा मधे, मी त्यांना धरून, मामा चालवत. माय मागे हौद्यात, दोन्ही हातांनी लोखंडी पट्टी पकडून. गावापासून नायगावचा रस्ता मी हजारदा गेले असेन, त्या दिवशी तो संपेना. ‘दादा, बोला,’ मी म्हणत होते, ‘काहीतरी बोला माझ्याशी.’ ते बोलत होते, पण शब्द नाकातून यायला लागले होते. मग त्यांना थुंकी गिळता येईना. मी ओढणीने तोंड पुसत होते आणि त्यांच्या छातीकडे पाहत होते. छाती वर आली की मी श्वास घेत होते, पुढची येईपर्यंत थांबत होते. एकदा मला वाटलं आलीच नाही. मामांना मी काय म्हणाले आठवत नाही, त्यांनी फक्त गाडी अजून जोरात दामटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय चावलं. माय हौद्यातून उतरून आमच्या आधी आत पोचली होती. ‘बिसखोपडा,’ ती म्हणाली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी दादांच्या पापण्या बोटाने वर केल्या, हात पाहिला आणि सिस्टरला पटकन काहीतरी सांगितलं. मी म्हणाले, ‘नाही, साप आहे. नाग असेल. आम्ही पाहिला नाही.’

‘किती वेळ झाला?’

‘तास होत आला असेल.’

‘शेत किती लांब आहे? एवढा वेळ काय करत होता?’

मामा भिंतीकडे पाहत होते. माय माझ्याकडे पाहत नव्हती. ती मुद्दाम पाहत नव्हती, हे मला कळलं. एक शब्द तिला बोलता आला असता आणि तो तिने गिळला.

सापाच्या विषावरचं औषध सलाइनमधून सुरू केलं. मग श्वास कमी पडतोय म्हणून घशात नळी घालून ॲम्ब्युलन्सने नांदेडला हलवलं. तिथल्या अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर माय आणि मी पुढचे दिवस काढले. दादांना सगळं ऐकू येत असतं, फक्त डोळे उघडता येत नाहीत, हात हलवता येत नाही, असं तिथल्या सिस्टरने सांगितलं. ते ऐकून मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. म्हणजे ते त्या अंधारात जागे होते आणि विचार करत होते. कशाचा करत असतील?

मला भीती दादा जातील याची होती, हे तर आहेच. पण खालच्या तळाशी दुसरीच एक भीती होती. ते गेले, तर माझ्या हसण्याने गेले, हे माय मला उभ्या आयुष्यात कधी बोलून दाखवणार नाही. ती मला डबा करून देईल, देवणीच्या गाडीत बसवून देईल, आणि बोलणार नाही. या भीतीने मला जेवण जात नव्हतं. ती माझ्याशेजारी बसून पोळीचा घास माझ्या हातात ठेवायची.

तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. ढीग लांब बांबूने उकलला, खाली पाइपाशेजारी नाग बसला होता, सर्पमित्राला बोलावून नेऊ दिला. ‘बाई, लई मोठा होता,’ ते म्हणाले. फोन ठेवल्यावर मला ते पिल्लू आठवलं. बांध चढून, माझ्या पायांजवळून, आंधळ्यासारखं पळालेलं. ते चावून पळालं नव्हतं. आम्हाला घाबरूनही पळालं नव्हतं. ढिगाखाली त्याने जे पाहिलं होतं, त्यापासून जीव घेऊन पळालं होतं. तिथे जमलेल्या सगळ्यांत खरं काय आहे ते एकट्या त्यालाच कळलं होतं. मी त्याची नाकपुडी कुठे असते ते सांगत बसले होते.

दादा वाचले. नळी निघाली, आवाज परत आला, आधी घोगरा, मग नेहमीचा. अंगठ्याचं बूड काळं पडलं होतं, तिथलं मांस काढावं लागलं. आता त्या हाताने त्यांना सदऱ्याचं बटण लावता येत नाही, माय लावून देते.

घरी आणल्यावर आठवडाभर मी धीर गोळा करत होते. एका सकाळी ते अंगणात उन्हाला बसले होते, माय आत होती. मी म्हणाले, ‘दादा, चूक माझी होती. मी नीट पाहिलं नाही.’

त्यांनी हाताची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, ‘हात घातला तवा आधी गार लागलं होतं. दोरावानी. मग चावलं.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘पिल्लू दिसलं, अन् डोस्क्यात बिसखोपडाच बसला. तू उलगडून सांगितलंस तवा ते गार आठवलं. म्हणणारच होतो. पर तू हसून राहिली होतीस.’ त्यांनी आवाज चढवला नाही, राग तर मुळीच नव्हता. ‘म्हणलं, पोरगी शिकलेली हाय. मलाच भास झाला असल. जल्मभर लोकांना हेच सांगत आलो ना मी, शिकलेल्याचं ऐका म्हणून.’

मी उठून आत गेले आणि मोरीत नळ सोडून रडले. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

शाळेत आता बिसखोपड्याचा तास होतो, पण हसणं बंद झालंय. पोरगं सांगायला लागलं की मी विचारते, तू काय पाहिलंस, हाताला काय लागलं, आणखी काही होतं का तिथे. पोरांना कंटाळा येतो. घोरपड निरुपद्रवी आहे हे मी अजूनही शिकवते, कारण ते खरं आहे. पण बोलता बोलता मध्येच मला धास्ती वाटते की यातलं कुणीतरी घरी जाऊन माझ्याइतक्याच जोरात हसेल.

दादांचा मात्र माझ्यावरचा विश्वास तसूभरही कमी झाला नाही. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती त्याचीच. शेततळ्यात पडलेलं पिल्लू वर यावं म्हणून त्यांनी कडेने जुना दोर सोडलाय, आणि शेतात काहीही दिसलं, किडा, अंडं, कात, की ते फोटो काढून मला पाठवतात. ‘हे काय हाय बाई?’ आणि मी सांगेपर्यंत तिथेच उभे राहतात.

गेल्या उन्हाळ्यात, मधल्या सुट्टीत, असाच फोटो आला. मोटारीच्या खोलीत पाइपांच्या मधून बाहेर आलेली वीतभर शेपटी. खाली कोपऱ्यात दादांचा पाय दिसत होता, अनवाणी. आतलं काही दिसत नव्हतं. मी फोटो मोठा करून पाहिला. दोन्ही बाजूंनी चपटी, खवले बारीक, टोकाकडे पुसट पट्टे. कुठल्याही परीक्षेत मी डोळे मिटून सांगितलं असतं. घोरपडच होती.

माझा अंगठा फोनवर थांबला. मग मी लिहिलं, ‘मला माहीत नाही. मागे सरा.’

बराच वेळ काही आलं नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पोरं आत आली, मी तशीच उभी. मग दादांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला.

‘हाव. सरलो मागं. तुझी मायबी हेच म्हणून राहिली होती.’